आकडसासूबाईंचा शनिवार

आठवड्याला सात वार असतात हे जगात सगळ्यांना ठाऊक आहे. पण हे सातही वार डब्यांत भरून, वर झाकण दाबून, फळीवर ओळीनं मांडून ठेवता येतात हे ठाऊक असलेली बाई पृथ्वीच्या पाठीवर एकच, आणि ती नेमकी माझी आकडसासू निघावी हा माझ्या पत्रिकेतला योग आहे. बायकोच्या मोठ्या बहिणीला आमच्याकडे आकडसासू म्हणतात. खऱ्या सासूचा धाक जावयाला लग्नानंतर वर्षभर वाटतो, आकडसासूचा जन्मभर. मला तर खरी सासू नव्हतीच. ही लहान असतानाच आईवडील गेले आणि या थोरल्या बहिणीनं हिला सावनेरला आपल्या घरी नेऊन वाढवलं, शिकवलं आणि उजवलं. म्हणजे धाक दुप्पट असायला हवा होता. पण ज्या माणसाचा धाक वाटतो त्याची नक्कल केली की तो कमी होतो, हे मला फार लवकर कळलं, आणि गेली सत्तावीस वर्षं मी तेच करत आलो.

तर ते डबे. बिस्किटांचे जुने पत्र्याचे डबे, रंग उडालेले, कुठल्याशा मेमच्या चेहऱ्यातलं नुसतं नाक शिल्लक असलेले. रविवारी किराणा आला की ताई जमिनीवर बसतात, डाळ, तांदूळ, बेसन पुढे घेतात आणि रविवारपासून शनिवारपर्यंत एकेक वार भरतात. ज्या दिवसाचा डबा त्या दिवशीच उघडायचा. बुधवारी डाळ कमी पडली म्हणून गुरुवारच्या डब्याला हात लावणारा माणूस त्यांच्या लेखी पाकीटमारापेक्षा फार वर नाही. त्यामुळे त्यांच्या बोलण्यात खाद्यपदार्थ कमी आणि वारच जास्त. "मांजरीनं माहा मंगळवार सांडला," असं त्या ओरडल्या की नवा माणूस दचकतो. एकदा दाराशी मीटरवाला आला तर ताई आतून म्हणाल्या, "थांबा जी, सोमवार शिजून राहिला." तो बिचारा दुसऱ्या दिवशी आला. आणि या सातांच्या पलीकडे, फळीच्या अगदी कोपऱ्यात, एक आठवा डबा. त्यावर ना नाक ना डोळा. तो कोणत्या वाराचा हे त्यांनी कधी सांगितलं नाही आणि तो उघडलेला मी कधी पाहिला नाही.

आज ताईंना काही कमी नाही. ताईंचे यजमान, म्हणजे माझे साडभाऊ, गेले त्याला सहा वर्षं झाली, पण दोन्ही मुलं कमावती आहेत, आईला वेळच्या वेळी पैसे पाठवतात. तरी डबे आहेतच. शिवाय ताई खोटं बोलत नाहीत. ही तर चिकटपणापेक्षा भयंकर सवय. माझ्या मावसभावाच्या सुनेनं पहिल्यांदा पुरणपोळ्या केल्या आणि "कशा झाल्या ताई?" असं कौतुकानं विचारलं, तेव्हा साऱ्या पंगतीनं श्वास रोखला. ताईंनी विचार केला, घास गिळला आणि म्हणाल्या, "गरम हायेत."

आता असं माणूस घरात असताना माझ्यासारख्यानं हात बांधून कसं बसायचं? बारसं असो, साक्षगंध असो, जेवणं आटोपली की कोणीतरी ओरडायचंच, "भाऊ, आकडसासू होऊन जाऊ द्या!" मग मी टॉवेलचा पदर घेऊन, मांडीवर सात वाट्या मांडून बसायचो. मंगळवाराला "बाहेर निघ रे मुडद्या" म्हणायचो, बाजारात मावळतीला उरलेला ढीग मागायचो, आठव्या डब्यात काय आहे असं विचारायचो आणि सगळी पोरं एका सुरात ओरडायची, "सोनं!" सगळ्यात मोठा हशा शेवटी. आमचं लग्न ठरलं तेव्हा माझ्या वडिलांनी तिथल्या तिथे होकार दिला आणि सावनेरच्याच बाजारातून अर्धा किलो पेढे आणवून ताईंच्या हाती दिले, "गल्लीत वाटा" म्हणून. ते पेढे गल्लीत पोचलेच नाहीत. एका शेजारणीनं लग्नात आम्हालाच विचारलं होतं, लग्न ठरल्याचं तोंड गोड कधी करता म्हणून. मी हे असं रंगवायचो की पेढ्यांनाही सात डब्यांत कोंडून ताई वर्षभर त्यांचं नुसतं दर्शन घेतात. लोक पोट धरायचे. सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत जोरात ताई स्वतः हसायच्या, पदरानं डोळे पुसायच्या. फक्त हिला, पेढ्यांची जागा आली की, हटकून चहाचं आधण आठवायचं. मला वाटायचं, बायको आहे, ऐकून ऐकून कंटाळली असेल.

यंदाच्या उन्हाळ्यात मुलीच्या बाळंतपणासाठी ही पुण्याला गेली. मी नागपुरात मिहानकडच्या एका छोट्या कंपनीच्या गोदामात सुपरवायझर आहे, आणि त्या वेळी दोन महिन्यांचा पगार अडकला होता. ते मी हिला सांगितलं नव्हतं. जवळ होतं ते सगळं दवाखान्यासाठी हिच्यासोबत दिलं आणि वर ऐटीत म्हणालो, "माझी काळजी करू नको, मी मेसचा डबा लावतो." मालकानं पैसे शनिवारी संध्याकाळी नक्की देतो म्हणून सांगितलं होतं. त्या रविवारी माझ्याजवळ तीनशे ऐंशी रुपये होते आणि पुढे अख्खा आठवडा. कोणाला मागायचं? ज्या नातेवाइकांसमोर मी सत्तावीस वर्षं काटकसरीची टिंगल केली, त्यांच्या दारात जाऊन काय म्हणायचं? त्यापेक्षा उपास बरा. आणि मग वाटलं, अरे, आपल्याला तर आकडसासू तोंडपाठ आहे!

सात वाट्या, नव्हे, सात स्टीलचे डबे मांडले. डाळ, तांदूळ, बेसन आणलं, सातांत अगदी सारखं वाटलं, पट्टी लावून पाहावं इतकं सारखं. स्वतःवर खूश झालो आणि त्या खुशीत कोपऱ्यावर जाऊन तर्री पोहे खाल्ले, वर चहा. रविवार असा गेला. सोमवारी सोमवार खाल्ला आणि संध्याकाळी भूक लागली म्हणून मंगळवार. मंगळवारी दुपारी बुधवार. मंगळवारच्या संध्याकाळी गुरुवारचं झाकण काढलं. इतक्यात हिचा व्हिडिओ कॉल. "काय जेवले जी?" मी फोन छताकडे धरून म्हणालो, "मेसचा डबा. फार तेलकट देतात." घरात तेलाचा थेंब मोजून होता.

त्यानंतर मी ताईंना फोन केला. आता इतकी वर्षं नकला केल्यावर निदान बहाणा तरी बरा सुचायला हवा होता. म्हणालो, "ताई, सहज विचारतो हं. त्या नकलेत जरा खरेपणा यावा म्हणून. सात दिवसांची डाळ तुम्ही नेमकी वाटता कशी?"

पलीकडून ताईंनी विचारलं, "आज वार कोणता हाये जी?"

"मंगळवार."

"अन् डबा कोणता उघडला?"

सत्तावीस वर्षं मी ज्या बाईचा आवाज काढत होतो, तिच्या त्या आवाजासमोर मला खोटं बोलता येईना. "गुरुवार," मी म्हणालो.

"बरं," म्हणून ताईंनी फोन ठेवला.

बुधवारी सकाळी बेल वाजली. दारात ताई. हातात कापडी पिशवी आणि पिशवीत पत्र्याचा खणखणाट. "मी शनिवारपर्यंत राहीन," त्या म्हणाल्या, "पण तुमचं खाणार नाही. माहा आठवडा मी सोबत आणला." आणि त्यांनी ओट्यावर बुधवार, गुरुवार, शुक्रवार, शनिवार असे चार डबे आणि तो कोपऱ्यातला आठवा, असे ओळीनं मांडले. माझे ते चकचकीत सात डबे बघितले, एकेकाचं झाकण काढून आत डोकावल्या. काहून झालं, कसं झालं, पगार कुठे गेला, एक शब्द विचारला नाही. नुसत्या म्हणाल्या, "सारखं वाटलं काहून?"

"मग कसं वाटायचं?"

"रविवारी पोट भरलेलं असते, तो लहान. सोमवार त्याच्याहून जरा मोठा. शनिवारी माणसाचं मन खचते न जी, म्हणून शनिवार सगळ्यात मोठा. बाकी दुनिया उलटं करते, अन् शनिवारी भांडते."

सत्तावीस वर्षांच्या माझ्या नकलेत सातही वाट्या एकाच मापाच्या होत्या.

माझ्याजवळ उरलेले चाळीस रुपये घेऊन ताई मला संध्याकाळी बाजारात घेऊन गेल्या. मी मागे चार पावलं, तोंडावर रुमाल. उन्हाचा म्हणून नव्हे, ओळखीचं कोणी भेटू नये म्हणून. नकलेतल्यासारखं त्यांनी कोणाकडेही उरलेला ढीग मागितला नाही. एका भाजीवालीजवळ सरळ जमिनीवर बसल्या आणि तिच्या पालकाच्या जुड्या निवडून, बांधून द्यायला लागल्या. बोलता बोलता तिच्या सुनेची पूर्ण माहिती काढली. उठताना वीस रुपयांची वांगी आणि मिरच्या घेतल्या, आणि फुलकोबीची हिरवी पानं, देठं, जी ती फेकणार होती, तीही तिनं आपणहून पिशवीत कोंबली. नेमके तेव्हाच आमच्या वरच्या मजल्यावरचे गृहस्थ समोर उभे. पिशवीतली पानं बघून म्हणाले, "काय राव, बकरी पाळली काय?"

"हो, म्हणजे, पाहुण्यांची आहे," मी म्हणालो.

"बकरी नाही जी," ताई शांतपणे म्हणाल्या, "जवाईच खाते."

ते गृहस्थ इतके हसले की आसपासचे लोक बघायला लागले. त्यांना तो विनोद वाटला. मी वितळून त्या पालकाच्या पाण्यात मिसळलो असतो तर बरं झालं असतं. पण देठांची ती भाजी, बेसन पेरून केलेली, मी रात्री पातेलं पुसून खाल्ली, हेही सांगितलं पाहिजे.

हिच्या फोनची मला धास्ती होती, कारण ताई खोटं बोलणार नाहीत. ताईंना पडद्यावर बघून ही किंचाळलीच. "ताई! तू तिथं कशी वं?"

"जवाईबापूंनी डब्यांचं विचारलं, म्हटलं शिकवून द्यावं."

"अवो, ते तुझी नक्कल करतात अन् तू त्यांना शिकवून राहिली? काय जेवले?"

"पाटवडीचा रस्सा." खरंच होता, बेसनाच्या चार वड्या आणि पुष्कळ रस्सा. दुसऱ्या दिवशी भरीत. तेही खरंच. वांगी दोनच होती, हे हिनं विचारलं नाही आणि ताईंनी सांगितलं नाही. "इथं मी बाळंतिणीचं शिजवून राहिले, अन् तिथं तुमची मजा चालली!" ही मला म्हणाली. मी लाजून हसलो. लाजायचं खरं कारण तिला माहीत नव्हतं.

शुक्रवारी दुपारी ताईंनी गोळाभात केला. बेसनाचे गोळे भातातच वाफवायचे आणि वाढताना वरून हिंग-मोहरीची गरम फोडणी. पहिल्या घासालाच मी थांबलो. ही चव मला ठाऊक होती. मुलगी बघायला मी, वडील आणि मामा सावनेरला गेलो होतो, परतीची बस गेली, आणि चहा-पोह्यांवर आटोपायचं ते जेवणापर्यंत गेलं. तेव्हा हाच गोळाभात होता. खरं सांगायचं तर मुलीकडे मी नीट पाहिलंच नव्हतं. होकार मी त्या भाताला दिला होता. ताईंना हे सांगून मी दुसऱ्यांदा भात घेतला. तिसऱ्यांदा घेतला. चमचा परत पातेल्याकडे गेला तशा ताई म्हणाल्या, "चौथ्यांदा नका घेऊ जी. तवा घेतला होता."

"तेव्हा?"

"तो गुरुवार होता. तुमच्या साडभाऊंचं खाणीवरच्या ठेकेदाराकडचं काम बंद होऊन चार महिने झाले होते. रोज त्या त्या वाराच्या डब्यातून एक मूठ मी आठव्या डब्यात टाकतो, तो पाव्हण्याचा. तुमी तिघं होते, तेवढ्याले तो पुरला. मग तुमी चौथ्यांदा भात मागितला." त्या हसायला लागल्या. "आतल्या घरात मी हिले म्हटलं, गेला वं शुक्रवार!"

"मग शुक्रवारी तुम्ही काय खाल्लं?"

"पेढे," ताई म्हणाल्या. "तुमच्याच घरचे. पाच जणं होतो आम्ही. सकाळी दोन दोन, सायंकाळी दोन दोन. लेकरं तर भलतेच खूश. म्हणे, आई, मावशीले रोज पाहाले येऊ दे न कोणी."

त्या हसत होत्या, अगदी नकलेच्या वेळी हसतात तशाच, पदरानं डोळे पुसत. मी ताटातल्या भाताकडे बघत राहिलो. सत्तावीस वर्षं. किती बारशी, किती साक्षगंधं. दरवेळी शेवटचा हशा पेढ्यांचा. आणि दरवेळी ही चहाला उठून जायची. तीही त्या पाचांतली होती. चार पेढे तिच्याही वाट्याला आले होते. एकदाही दोघी बहिणींपैकी कोणी म्हणालं नाही की पुरे करा.

"ताई, मी ती नक्कल..."

"चांगली करता जी तुमी," ताई म्हणाल्या. "लोकाइले आवडते. जेवा आता, थंड होऊन राहिलं."

शनिवारी संध्याकाळी मालकानं खरंच पैसे दिले. मी घरी आलो तर ताई पिशवी भरून निघायच्या तयारीत. शनिवार शिजवून ठेवला होता, आणि शनिवार खरंच मोठा होता. बसस्टँडवर मी त्यांच्या हातात काही देऊ केलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी हात परत खिशात घातला. घरी येऊन पाहतो तर ओट्याच्या कोपऱ्यात बिनचेहऱ्याचा आठवा डबा. आत साडेतीन-चार मुठी तांदूळ.

दीड महिन्यानं नातवाचं बारसं आमच्याच घरी झालं. ताई समोरच बसलेल्या. जेवणं झाली आणि पोरांनी कालवा केला, "आकडसासू! आकडसासू!" मी घसा बसला म्हणालो, कंबर धरली म्हणालो. कोणी ऐकेना. शेवटी ताईच म्हणाल्या, "करा न जी जवाईबापू, काहून भाव खाता?" मी त्यांच्याकडे पाहिलं. मी नक्कल केली नाही तर लोक कारण विचारतील, आणि कारण विचारलं तर माझा तो आठवडा निघेल, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. त्या मला झाकत होत्या. मग मी टॉवेल डोक्यावर घेतला. वाट्या मांडल्या. मंगळवाराला बाहेर काढलं. आठव्या डब्यात काय म्हणून विचारलं, पोरं "सोनं!" म्हणून ओरडली, आणि मी टॉवेल काढायला लागलो. "पेढे राहिले! भाऊ, पेढे!" सगळे ओरडले. मी बघितलं, ही खुर्चीवरून उठून स्वयंपाकघराकडे निघाली होती.

"पेढे," मी म्हणालो, "वाटलेच नाहीत. कारण जवाई चार वेळा भात घेऊन शुक्रवार खाऊन गेला होता."

कोणी हसलं नाही. कोणाला काही कळलंच नाही. मावसभाऊ शेजाऱ्याच्या कानात म्हणाला, "भाऊचं वय झालं आता." फक्त ही, स्वयंपाकघराच्या दारात, पाठमोरी होती ती तशीच थांबली. चहाचं आधण काही त्या दिवशी चढलं नाही. आणि ताई, आयुष्यात पहिल्यांदा, माझ्या नकलेला हसल्या नाहीत. पदर सारखा केला आणि पाळण्याकडे बघत बसल्या.

पाहुणे पांगल्यावर ही माझ्याजवळ आली. "ताई शुक्रवारचं उगाच सांगणार नाही. मी पुण्याला होते तेव्हा किती दिवस होते तसे?" तिनं विचारलं. मी म्हणालो, "सात." "अन् ताई म्हणे पाटवडी, म्हणे भरीत." "खरंच होतं," मी म्हणालो. ही बराच वेळ वाट्या गोळा करत राहिली. जाताना ताईंनी मात्र मला बाजूला घेऊन झापलं, "अशी कोण करते जी नक्कल? माणसं हसाले येतात. पुढल्या बारीले नीट करा."

आठवा डबा आता आमच्या फळीवर आहे. मी रोज सकाळी त्यात एक मूठ टाकतो. मुलीला वाटतं बाबांना मावशीचं वारं लागलं. ताई महिन्यातून एकदा डोळे दाखवायला नागपूरला येतात, तेव्हा तो डबा मी पूर्ण रिता करतो, गोळाभात करायला लावतो आणि समोर बसून वाढतो. सत्तावीस वर्षांपूर्वीचा तो शुक्रवार एकदा तरी त्यांच्या पानात परत पडावा एवढीच इच्छा आहे. पण त्या पहिला भात संपवतात, आणि माझा चमचा पुढे आला की पानावर आडवा हात धरतात.

"राहू द्या जी," म्हणतात, "शनिवार बाकी हाये."